टिळकवाडीतलं कौलारू घर, तीन बिऱ्हाडं आणि एक भानगड – गोष्ट मध्येच अडकलीय, जरा हात द्या

कौलारू (रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढायलोय, तेव्हा सांभाळून घ्या. एक घरगुती थ्रिलर लिहायला घेतलाय, जरा गरम मामला आहे, म्हणून वर १८+ लिहिलंय, आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

घर आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतलं. काँग्रेस रोडवरून आत गेलं की अजून दोनचार जुनी मंगलोरी कौलांची घरं शिल्लक आहेत ना, तसलं. मालक बंगळूरला, त्याला फक्त भाड्याशी मतलब, सगळं एजंट बघतोय. आत तीन बिऱ्हाडं आणि मागं एक न्हाणीघर, सगळ्यांना मिळून. मधल्या खोलीवर फळ्यांचा माळा, त्याला मागच्या अंगणातून जिना आणि कुलूप. ज्यांनी असली घरं बघितलीत त्यांना माहीत असणार, आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. आठ-नऊ फुटाला भिंत संपते, वर कौलांपर्यंत सगळं मोकळं. म्हणजे एका खोलीत बांगडी वाजली की तिसऱ्या खोलीत कळतं.

माणसं अशी. (नावं तात्पुरती.) विनायक, सावंतवाडीकडचा, बारा वर्षं बेळगावात, टेम्पो आहे, आठवड्यातनं तीन रात्री भाजी घेऊन चोर्ला घाटातनं गोव्याला जातोय. त्याची बायको दीपा, आजोळ बैलहोंगल, कन्नड मराठीपेक्षा चांगलं बोलते. पलीकडच्या खोलीत महेश, उद्यमबागेत फाउंड्रीत सेकंड शिफ्ट, रात्री बाराला घरी. आणि पुढच्या खोलीत शर्वरी, एकतीस वर्षांची, मी पुण्याची म्हणून सांगते, कन्नड अजिबात येत नाही म्हणते, तीही उद्यमबागेतच एका ऑफिसात हिशेब बघते.

दीपा आणि महेशचं काहीतरी आहे. दोघं कन्नडात बोलतात, कारण विनायकला येत नाही आणि शर्वरीलाही येत नाही असं त्यांना वाटतं. खरं तर शर्वरीला येतंय, ती सगळं ऐकतेय आणि फोनवर रेकॉर्ड करतेय. इथपर्यंत पन्नास पानं झाली. पुढं ती त्यांना ब्लॅकमेल करणार आणि शेवटी एका रात्री गॅस चालू सोडणार असं ठरवलं होतं, पण लिहायला बसलो की मलाच पटंना झालंय. काय करू?

निपाणीचा_पावशेर (रात्री १०.३१)

पहिला नंबर! भावा प्लॉट एक नंबर हाय, पण त्या गॅसचं काढून टाक. लई झालं ते.

पेठेतला_पुणेकर (रात्री १०.४०)

वाचतोय. एक शंका, असं कोण भाड्याने देतं? नवरा-बायको, एक एकटा पुरुष आणि एक एकटी बाई, एका न्हाणीघरात? आमच्याकडे सोसायटी फॉर्म भरून घेते, जेवण काय करता इथपासून विचारतात.

शहापूरची_काकू (रात्री १०.५८)

पुणेकर, मालक गावात नसला की सगळं चालतंय ओ. एजंटाला एक महिन्याचं भाडं कमिशन मिळालं की तो बघत नाही कोण आहे नि काय आहे. आमच्या शहापूरच्या बोळात साड्यांचे माग बंद झाले तशा मागाच्या खोल्यासुद्धा भाड्यानं गेल्या, एकेका घरात चारचार बिऱ्हाडं. आणि भिंतींचं खरं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने रात्री कुजबुजून बोलायला शिकले, सासूबाई पलीकडून विचारायच्या, काय म्हणतोय गं तो? हाहा.

कौलारू, लिखाण चांगलं आहे हो दादा. पण गरम मामला म्हणालात आणि गरम काहीच नाही की ह्यात.

निपाणीचा_पावशेर (रात्री ११.०३)

काकू रॉक्स

कौलारू (रात्री ११.२०)

काकू, घ्या मग. एक तुकडा टाकतो, आहे तसा, सुधारलेला नाही.

"रात्री बाराला बंब कोण पेटवतं हे शर्वरीला तिसऱ्या आठवड्यात कळलं. महेश भट्टीवरून यायचा, अंगावर काळी वाळू, केसांत, कानांत, नखांत. पहिल्या महिन्यात तो विहिरीच्या थंड पाण्याच्या दोन बादल्या ओतून घ्यायचा नि शिव्या घालत खोलीत जायचा. मग शिव्या थांबल्या. शर्वरीनं अंथरुणातून ऐकलं, बादलीत पाणी पडतंय पण आवाज वेगळा आहे, गरम पाण्याचा आवाज जाड येतो. मागच्या दाराची फट बोटभर होती. न्हाणीघराच्या दारावरून वाफ येत होती आणि बाहेरच्या पायरीवर दीपा बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी, हातात टॉवेल. आत जात नव्हती. नुसती बसली होती. दार उघडलं, वाफेतनं एक ओला हात बाहेर आला, टॉवेलसाठी. तिनं टॉवेल दिला नाही. हात तसाच राहिला, ती बघत राहिली, मनगटावरनं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, कोपरावर थांबलं. मग तिनं टॉवेल मांडीवर ठेवला आणि हात धरला."

पुढचं शर्वरीला दिसलं नाही, दार लागलं. मलाही.

शहापूरची_काकू (रात्री ११.२९)

आता कसं. पण बंबाला लाकडं कुठली हल्ली, मिळत नाहीत.

निपाणीचा_पावशेर (रात्री ११.३०)

भावा झोप उडवलीस की ओ

अ‍ॅडमिन (रात्री ११.४५)

१८+ चा टॅग लावलाय. ह्याच्या पुढे वाफेतच ठेवा ही विनंती, धागा उडवायची वेळ आणू नका.

वकील_पण_फुकट_नाही (सकाळी ८.०५)

रात्री झोपलो होतो म्हणून उशीर. थोडं कायद्याचं. तुमची शर्वरी ब्लॅकमेल कशाच्या जोरावर करणार? व्यभिचार गुन्हा राहिलेला नाही. सुप्रीम कोर्टानं ४९७ कलम २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं, त्यामुळे पोलिसात जाईन ही धमकी पोकळ आहे. उरली ती अब्रू. उलट पैसे मागितले की तीच अडकते, खंडणी, भारतीय न्याय संहितेचं ३०८.

दुसरं, चोरून बघण्याचं कलम. जुन्या ३५४ क मध्ये 'कोणताही पुरुष' असे शब्द होते, म्हणजे बाईनं बघितलं तर त्या कलमात बसत नव्हतं. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली, त्यात कलम ७७, आणि तिथं 'जो कोणी' असं झालंय. पहिल्यांदा दोषी ठरलं तर एक ते तीन वर्षं. म्हणजे तुमची फटीतून बघणारी शर्वरी आता त्यात येऊ शकते. पण नुसतं ऐकलं तर नाही, ते कलम बघण्याचं आणि चित्र टिपण्याचं आहे, कानाचं नाही. कादंबरी कुठल्या सालात घडते ते आधी ठरवा.

कौलारू (सकाळी ९.४०)

बापरे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. साल २०२४ धरलंय. थँक्यू वकीलसाहेब, फी कुठं पाठवू?

वकील_पण_फुकट_नाही (सकाळी ९.४४)

कुंदा. पाव किलो. जुन्या दुकानातला.

वायरमन_अण्णा (सकाळी १०.१५)

गॅसवर मी बोलतो. एक तर सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. कौलारू घरात, भिंती वर मोकळ्या, तिथं वास कुणाला येणार नाही कसा? ते सिनेमात चालतंय. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड ही खरी भीती, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गप झोपतो, मी स्वतः दोन घरांत गिझर बाहेर काढून लावायला लावलाय. पण तुमच्याकडं बंब आहे आणि न्हाणीघरावर पत्रा असणार. तेव्हा गॅस विसरा.

दुसरी गोष्ट, तीन बिऱ्हाडं म्हणजे उपमीटर असणार. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, मेन मीटर एक आणि आत प्रत्येक खोलीला एकेक. त्याचं काही करा की, हिशेब बघणारी बाई आहे ना तुमची?

कौलारू (सकाळी १०.३०)

अण्णा, बिल शर्वरीच भरते आणि वाटून घेते. पण सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना सुरू झाल्यापासून झिरो बिल येतंय, वाटायचं काय त्यात?

वायरमन_अण्णा (सकाळी १०.५२)

तिथंच तर मजा. गृहज्योती जुलै २०२३ पासनं. आदल्या वर्षीची जी सरासरी, त्यावर दहा टक्के, तेवढं फुकट, वरच्या युनिटला पैसे आणि २०० च्या वर गेलं की सगळंच भरायचं. समजा ह्या घराची सरासरी १२०, म्हणजे १३२ पर्यंत झिरो. झिरो बिल येतंय तोवर उपमीटरकडं कुत्रंसुद्धा बघत नाही. आता मे महिन्यात मेन मीटरला १४१ आले. नऊ युनिटचं बिल. पैसे किरकोळ, पण हिशेबवाली बाई गप बसणार नाही, ती तिन्ही उपमीटर वाचणार. बेरीज आली १३०.

अकरा युनिट कुणाचे?

निपाणीचा_पावशेर (सकाळी १०.५५)

अण्णा तुम्हीच लिवा कादंबरी

पेठेतला_पुणेकर (सकाळी ११.०२)

पॅसेजचा दिवा?

वायरमन_अण्णा (सकाळी ११.०६)

९ वॅटचा बल्ब, रोज सहा तास, महिन्याला दीड युनिट, जरा जास्तच. साडेनऊ राहिले की.

घाटातली_पारू (दुपारी १.१०)

पोरांचे डबे, धुणं सगळं आवरून आले, मला एक बोलायचंय. माझे मिस्टर पण गाडीवर आहेत, जांबोटीवरनं साखळी, पणजी, हीच लाइन, अठरा वर्षं झाली. मला तुमच्या गोष्टीतलं एक पटलंच नाही. बारा वर्षं बेळगावच्या मार्केटला गाडी भरणाऱ्या माणसाला कन्नड येत नाही? हमाल कोण, दलाल कोण, चेकपोस्टवर थांबवणारे कोण, टायरवाला कोण? आमच्या ह्यांना लिहिता-वाचता येत नाही कन्नड, पण शिव्या चार भाषांत येतात आणि कोण आपल्याला काय म्हणतंय ते पाठमोरं उभं राहून कळतं. घरात मात्र म्हणतात, मला नाही बाई येत. कारण माझ्या माहेरची माणसं कन्नडातनं ह्यांच्याबद्दल काय बोलतात ते ह्यांना ऐकायचं असतं.

दुसरं. तीन रात्री घाटात. मे महिन्यात घाटाच्या वाटेवरनं आलेल्या माणसाचे कपडे धुवायला टाकले की पाणी तांबडं होतं. दीपा कपडे धुते ना त्याचे? पाणी तांबडं होतंय का बघा एकदा.

निपाणीचा_पावशेर (दुपारी १.१४)

थांबा थांबा थांबा

वायरमन_अण्णा (दुपारी १.२०)

जुना पंखा ७५ वॅटचा धरा. रात्री दहा तास. पाऊण युनिट. आठवड्याला तीन रात्री म्हणजे महिन्याला बारा. बारा पाऊण नऊ.

शहापूरची_काकू (दुपारी १.२२)

अगं बाई. माळा.

निपाणीचा_पावशेर (दुपारी १.२३)

अंगावर काटा आला, खरं सांगतो

पेठेतला_पुणेकर (दुपारी १.४०)

कुणी मला समजावून सांगेल का?

शहापूरची_काकू (दुपारी १.४८)

अहो पुणेकर, तो गोव्याला जातच नाही! गाडीवर बदली ड्रायव्हर घातलाय, आणि हा मागच्या जिन्यानं माळ्यावर. कौलांखाली मे महिन्यात पंख्याशिवाय माणूस शिजून निघेल म्हणून पंखा लावतोय. भिंती वर मोकळ्या, सगळं ऐकू येतंय. आणि त्याला कन्नड येतंय.

कौलारू (दुपारी २.३०)

मंडळी, मी जेवायचं सोडून बसलोय. खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात नव्हतं. विनायकला मी बिचारा नवरा म्हणून एका कोपऱ्यात बसवून ठेवला होता, पन्नास पानांत त्याला तीन वाक्यं आहेत. आता परत पहिल्यापासून वाचलं तर ती तीनही वाक्यं भलतीच वाटायलीत. एका ठिकाणी तो दीपाला म्हणतो, "घरात असलो की मला झोप चांगली लागते." सहज लिहिलं होतं ओ मी.

माळ्याच्या किल्लीचं जमतंय, भाजीचे रिकामे क्रेट ठेवायला एजंटानं दिली.

पण मग शर्वरीचं काय करू? ती तर हुकलीच.

निपाणीचा_पावशेर (दुपारी २.४१)

शर्वरी पुण्याची नाहीच असं करा. ती आमच्या निपाणीची दाखवा. तंबाखूच्या वखारीत वाढलेली. आणि ते कळणार कसं, तर एकदा घाईत म्हणते "थांब, मी येतो". संपलं. पुण्याची बाई "येते" म्हणणार, आमच्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो, मी जेवलो". कोल्हापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, सगळ्या पट्ट्यात. कितीबी पुणेरी बोलायला शिकू दे, झोपेतनं उठवली की "आलो आलो" म्हणणार.

पेठेतला_पुणेकर (दुपारी २.५०)

हे थोडं ताणलेलं वाटतंय. इतकी बारीक गोष्ट वाचकाच्या लक्षात येईल का? शर्वरीच्या तोंडी एक "येतो" आला तर लोक टायपिंगची चूक समजतील. कौलारू भाऊ, तुम्ही काय म्हणता?

कौलारू (दुपारी ३.०५)

पुणेकर, मी बाई आहे.

कालपासून "काढायलोय", "बसलो", "टाकतो" म्हणतोय, तुमच्या लक्षात आलं नाही. दादा काय, भाऊ काय.

निपाणीचा_पावशेर (दुपारी ३.०६)

आईशप्पथ

शहापूरची_काकू (दुपारी ३.१०)

मी पण फसले गं! आणि मी आता इथलीच, पण माझ्या तोंडात माहेरचं सातारी राहिलं म्हणून. तरी म्हटलं टॉवेलचं ते पुरुषाला कसं सुचलं.

पेठेतला_पुणेकर (दुपारी ३.१५)

शब्द मागे घेतो. क्लू चालतोय.

वकील_पण_फुकट_नाही (दुपारी ४.००)

पुढची भर. माळ्यावरून तो बघत असेल, म्हणजे फळीच्या फटीतून, तर ७७ त्यालाही लागू शकतं. खोली त्याची असो, बायको त्याची असो, नवऱ्याला सूट आहे असं त्या कलमात कुठं लिहिलेलं नाही. मला तर हा खटला चालवायला आवडेल. आरोपी दोन, साक्षीदार तेच दोन.

कौलारू (संध्याकाळी ६.२०)

बघत नाही, नुसतं ऐकतो असं ठेवतो. ते जास्त वाईट आहे.

आता रात्र ठरवायला पाहिजे. माझ्या मनात दोन आहेत. एक अनंत चतुर्दशी, विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, कपिलेश्वर तलावाकडं सगळं गाव. दुसरी १ नोव्हेंबर.

शहापूरची_काकू (संध्याकाळी ६.४०)

विसर्जनाला घरात कोण थांबतंय? सगळी बाहेर. १ नोव्हेंबर धरा. त्या दिवशी माणूस घराबाहेर पडायच्या आधी दहा वेळा विचार करतो.

पेठेतला_पुणेकर (संध्याकाळी ६.४५)

१ नोव्हेंबरला काय असतं?

निपाणीचा_पावशेर (संध्याकाळी ६.४८)

पुणेकर तुम्ही कुठल्या महाराष्ट्रात राहता? १९५६ ला १ नोव्हेंबरला बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार म्हैसूर राज्यात घातलं. तवापासनं मराठी माणसं काळा दिन पाळतात, काळे कपडे, सायकल फेरी, आणि त्याच दिवशी कन्नड राज्योत्सव, चन्नम्मा सर्कलला ही गर्दी. २००४ पासनं सुप्रीम कोर्टात केस पडून हाय. तुम्हाला बातम्यांत दोन मिनिटं दिसतं, आम्हाला

अ‍ॅडमिन (संध्याकाळी ६.५५)

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. इथे गोष्टीपुरतं.

निपाणीचा_पावशेर (संध्याकाळी ६.५६)

बरं बरं. गोष्टीपुरतं.

घाटातली_पारू (रात्री ८.३०)

१ नोव्हेंबरच बरोबर आहे, आणि कारण पण सांगते. त्या दिवशी बरेच जण गाडी काढत नाहीत, काच फुटली तर कोण देणार. तेव्हा विनायकनं आज गाडी घेऊन जातो म्हटलं तर बायको विचारणार, आज? तो म्हणणार, पार्टीनं माल मागितलाय. तिथंच दीपाला कळायला पाहिजे, पण तिला कळायचं नसतं, तिला तो जायला हवा असतो.

वायरमन_अण्णा (रात्री ८.४५)

आणि पंखा.

निपाणीचा_पावशेर (रात्री ८.४६)

पंख्याचं काय आता अण्णा

वायरमन_अण्णा (रात्री ८.५०)

नोव्हेंबरात आपल्याकडं रात्री थंडी. घरात एकबी पंखा चालू नसणार. मे महिन्यात तिन्ही खोल्यांत पंखे घरघरतात म्हणून माळ्यावरचा चौथा कुणाला ऐकू आला नाही, आणि त्याचं कूस बदलणंसुद्धा त्या आवाजात लपलं. नोव्हेंबरात तो फळीवर नुसता हलला तरी खाली कळणार. तेव्हा त्या रात्री दुसरा काहीतरी आवाज पाहिजे, आणि तो एकदम बंद व्हायला पाहिजे.

कौलारू (रात्री ९.०५)

मिरवणुकीचा डीजे.

आमच्या घरापर्यंत ठोके येतात ओ, कौलं हलतात. रात्री उशिरापर्यंत चालतं नि मग एकदम बंद होतं, कानात शीळ वाजते नुसती.

अण्णा तुमच्या पाया पडतो.

बसव_मुधोळकर (रात्री ९.३०)

मी कन्नडवाला, मराठी शाळेत शिकलेला, वाचत असतो इथे. एक सुधारणा. सुरुवातीला तुम्ही दीपाच्या तोंडी काही कन्नड लिहिलं असेल तर ते बंगळुरी ठेवू नका. बंगळूरला 'तिला' म्हणजे अवळिगे, आमच्याकडे आकिग. 'त्याला माहीत नाही', अवंग गोत्तिल्ल. 'मला माहीत आहे' हे बंगळूरचा माणूस ननगे गोत्तु म्हणेल, बैलहोंगलची बाई नंग गोत्तैती म्हणेल. मार्केटमध्ये शिकलेला माणूसही तेच म्हणेल, हमालांकडून शिकला ना तो.

आणि हो, शर्वरीला शिव्या घालू नका सगळे. कन्नड येत नाही म्हणणारे बेळगावात अर्धे आणि मराठी येत नाही म्हणणारे अर्धे. भाजीचा भाव करताना सगळ्यांना सगळं येतं.

कौलारू (रात्री ९.३८)

बसवअण्णा, मी ननगे गोत्तु असंच लिहिलं होतं एका ठिकाणी. खोडलं. आणि तुम्ही आत्ता मला शेवट दिला, तुम्हाला माहीत नसेल. आज रात्री जागतो.

शहापूरची_काकू (रात्री ९.४०)

चहा ठेवा. आम्ही पण जागे आहोत.

कौलारू (रात्री २.१७)

कच्चं आहे, शुद्धलेखन बघू नका.

"साडेदहाला वीज एकदा गेली नि आली. दीपानं जेवणाची भांडी तशीच ठेवली होती. महेशला सुट्टी होती, दिवसभर तो खोलीत पडून होता, आणि दिवसभर दोघांत एक अक्षर नाही, शर्वरी पुढच्या खोलीत होती म्हणून. लांबून ठोके येत होते, कौलांतनं माती गळून अंथरुणावर पडत होती, जिऱ्याएवढी. दीपा झटकत होती. झटकता झटकता तिच्या लक्षात आलं की माती तिच्या एकट्या अंगावर नाही पडत, महेशच्या पाठीवरही पडायलीय, तो कधी आला ते तिला ह्या आवाजात कळलंच नव्हतं.

त्यानं काही विचारलं नाही. तिच्या मानेवरची माती फुंकरीनं उडवली. फुंकर गरम होती आणि मागची हवा थंड, त्यामुळे मान तेवढीच एका ठिकाणी जागी झाली. तिनं केस पुढं घेतले. ठोके छातीत बसत होते, कुणाच्या ते कळत नव्हतं. आज बोलायला भीती नव्हती. आठ महिने दोघं ओठ न हलवता बोलली होती, आज ती मोठ्यानं बोलली, हसली सुद्धा, आणि आपलं हसणं असं असतं हे तिलाच नवीन होतं. महेशच्या बोटांना अजून लोखंडाचा वास होता, दोन साबणं संपली तरी न जाणारा. तो वास तिला आता चादरीत, उशीत, कणकेत यायचा. विनायकला येत नसेल काय, असं तिनं मागं एकदा विचारलं होतं. महेश म्हणाला होता, त्याला भाजीशिवाय कशाचा वास येत नाही.

पुढच्या खोलीत शर्वरी भिंतीला पाठ लावून बसली होती. फोन तिनं आज लावला नव्हता. मांडीवर बिलांची फाइल होती, मे, जून, ऑगस्ट. ऑगस्टमध्ये फरक दीडच युनिट. पावसाळ्यात पंखा लागत नाही. हे तिला आज कळलं होतं, संध्याकाळी, माळ्याच्या जिन्यावर ओल्या मातीचा अर्धा पाय दिसला तेव्हा. दोन तास ती उठून दीपाला सांगायला निघाली होती नि परत बसली होती. सांगायचं तर आपल्याला कन्नड येतं हेही सांगायला लागणार. शेवटी ती उठली. 'दीपा,' ती भिंतीवरून हाक मारून म्हणाली, 'दार उघड, मी येतो.'

पण ठोक्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

'आज गेला कसा काय ओ तो?' महेशनं कन्नडात विचारलं.

'जाऊ दे,' दीपा म्हणाली. 'अवंग गोत्तिल्ल.'

आणि लांब कुठंतरी डीजे बंद झाला. ठोका यायचा तो आलाच नाही. सगळ्या घरात एकदम एवढी शांतता झाली की मोरीतल्या बादलीत नळाचा थेंब पडला तो तिन्ही खोल्यांत पडला.

वर फळी वाजली. कुशीवर वळताना वाजते तशी, आळसात.

'नंग गोत्तैती,' वरून आवाज आला. झोपेतला, शांत. आणि मग मराठीत, 'निजा आता. पहाटे पाणी सोडतील.'"

शहापूरची_काकू (रात्री २.२४)

देवा. दिवा लावून बसलेय.

घाटातली_पारू (रात्री २.३०)

हे गाडीवर आहेत आज. फोन लावला, उचलला, घाटात आहे म्हणाले. मागून हॉर्न ऐकू आला तेव्हा ठेवला.

पेठेतला_पुणेकर (सकाळी ७.१५)

कन्नडचं भाषांतर कंसात द्याल का? ... नको, राहू दे. कळलं.

बसव_मुधोळकर (सकाळी ७.४०)

चलो ऐती. म्हणजे तुमच्या भाषेत भारी.

निपाणीचा_पावशेर (सकाळी ८.०२)

पुढं काय? मारतो का नाही मारत? भावा, सॉरी, ताई, असं सोडू नका

कौलारू (सकाळी ९.१०)

पहाटे पाणी येतं. तिघं उठतात, हंडे भरतात, विनायकही खाली येऊन रांगेत उभा राहतो. तिथून दुसरा भाग. आत्ता झोपतो जरा.

वायरमन_अण्णा (सकाळी ९.२५)

ऑगस्टचं दीड बरोबर आहे, तपासलं. नोव्हेंबरच्या बिलातही फरक दीडच यायला पाहिजे, तेवढं दुसऱ्या भागात चुकवू नका.